गणपतीतला अण्णा

माझे वडील वर्षातून एकदा, गणपतीच्या दिवसांतल्या एका संध्याकाळी, तेलुगू माणूस होतात. उरलेलं वर्षभरही ते तेलुगूच असतात, पण तेव्हा त्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही.

आमच्या कॉलनीच्या गणेश मंडळाचं एक नाटुकलं आहे. कॉलनीतल्याच एका निवृत्त हेडक्लार्कनं ते कधीतरी लिहिलं आणि त्यानंतर कुणी नवीन लिहिण्याच्या भानगडीत पडलं नाही. गोष्ट अशी: एका मराठी घरमालकाची खोली रिकामी आहे. ती भाड्यानं मागायला एक अण्णा येतो. मालक प्रश्न विचारतो, अण्णा मोडक्यातोडक्या मराठीत उत्तरं देतो, मालक खोली देत नाही, अण्णा लुंगी सावरत निघून जातो आणि आरतीची वेळ होते. एवढंच. लोक हसून हसून बेजार होतात.

त्यातलं एक वाक्य कॉलनीत सगळ्यांना पाठ आहे. शेवटी, मालक दार लावायला निघाला की अण्णा हात जोडून म्हणतो, "मालक, मी चांगली माणूस हाय. मला घर दे की." हे वाक्य मुलं वडिलांच्या बरोबरीनं म्हणतात. वडील दूध आणायला निघाले तरी म्हणतात. वडील हात वर करून त्यांना दाद देतात.

घरी आम्ही वडिलांना नायना म्हणतो. ते चादरीच्या कारखान्यात डिझाइन मास्तर होते. चादरीवर जो मोर किंवा जे फूल उमटतं, ते आधी चौकटीच्या कागदावर काढायचं काम त्यांचं. आमचं कुटुंब विणकरांचं, चार पिढ्यांपूर्वी सोलापुरात आलेलं. नायनांचं मराठी स्वच्छ आहे. ते पेपरमधला अग्रलेखसुद्धा सोडत नाहीत. मी शाळेत असताना माझे निबंध आधी ते तपासायचे आणि मग बाई तपासायच्या. बाईंना काही उरायचं नाही.

त्यामुळं नायनांचा अण्णा करायला मंडळाला बरीच मेहनत घ्यावी लागते. नायना गोरे आहेत, माझ्यापेक्षा कितीतरी. अण्णा गोरा कसा असेल, असा प्रश्न पहिल्याच वर्षी निघाला होता. मेकअपचं काम बँकेतल्या एका कॅशियरकडे होतं. त्यांनी काजळात खोबरेल तेल कालवून नायनांचं तोंड रंगवलं. मग कपाळावर भस्माचे आडवे पट्टे ओढले आणि त्यावरच उभं नाम काढलं. शैव आणि वैष्णव पिढ्यान्‌पिढ्या ज्यावरून भांडले, तो वाद आमच्या मंडळानं एका कपाळावर मिटवून टाकला. लुंगीचीही अडचण होती. नायना घरात पायजमा घालतात, लुंगी त्यांनी कधी नेसलेली नव्हती. ती कशी नेसायची ते त्यांना घरमालकाचं काम करणाऱ्या औषध दुकानदारानं शिकवलं.

माझं बरं आहे. मला रंग लावावा लागत नाही. मी एका शाळेत मराठी शिकवते आणि नवीन पालक भेटले की माझं आडनाव ऐकून, "म्हणजे तुम्ही मराठीच शिकवता?" असं दोनदा विचारून घेतात. मग पाच मिनिटं बोलणं झालं की म्हणतात, "तुमचं मराठी किती छान आहे, वाटतच नाही." काय वाटत नाही ते कुणी सांगत नाही. मी थँक यू म्हणते आणि नंतर वर्गात उगाच दोन पोरांवर खेकसते.

तर, रंग, गंध आणि लुंगी मंडळाची. आवाज मात्र मंडळाचा नव्हता. आवाज आमच्या अम्माचा होता.

अम्मा लग्न होऊन तेलंगणातल्या एका खेड्यातून आली. पहिली बरीच वर्षं विड्या वळणाऱ्या बायकांत गेली. त्या सगळ्या तेलुगू, त्यामुळं मराठीशी तिची गाठ पडली ती आम्ही या कॉलनीत राहायला आल्यावर. नळावर, मंडईत आणि शेजारणींकडून जे कानावर आलं ते तिनं उचललं. तिचं मराठी तिचं स्वतःचं आहे. वाक्याच्या शेवटी एक लांब हेल आहे आणि उत्तर द्यायच्या आधी ती तळहात कमरेवर पुसते, मग बोलते. नायनांनी तो हेल उचलला. तळहात पुसणंही उचललं. स्टेजवर ते लुंगीला हात पुसायचे आणि मगच बोलायचे, आणि तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागायचे.

अम्मा दरवर्षी पहिल्या रांगेत बसायची. बाकीच्या बायकांबरोबर पदर तोंडाला लावून हसायची. ही नक्कल कुणाची आहे ते आम्हाला घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कधी अवाक्षर निघालं नव्हतं.

ते काढलं माझ्या मुलानं. तो गेली दोन-तीन वर्षं हैदराबादला नोकरीला आहे. तेलुगू आहोत, तेलुगू गावात चाललाय, पोराची सोय होईल, अशी आमची समजूत होती. पण सोलापूरचं तेलुगू ही एक वेगळीच चीज आहे. त्यात निम्मं मराठी आहे आणि ते मराठी आहे हे आम्हाला माहीत नाही. माझ्या मुलाला ते हैदराबादच्या ऑफिसात कळलं. तिथं डबा खाताना त्याची नक्कल करायची पद्धत पडली. सुरुवातीला त्यानं फोनवर हसत सांगितलं. नंतर सांगेनासा झाला. मी विचारलं तर म्हणाला, डबा आता जागेवरच खातो.

यंदा तो गणपतीत रजा काढून आला. पहिल्याच संध्याकाळी मांडवात तालीम बघून आला आणि तसाच जेवायला बसला. आम्ही त्या दिवशी सगळे नायनांकडेच जेवायला होतो. त्यांचं घर आमच्या घरापासून जवळ आहे, मध्ये फक्त एक पिठाची गिरणी.

"तात," तो आजोबांना म्हणाला, "हे जे तुम्ही करता ना, त्याला स्टिरिओटाइप म्हणतात."

नायनांनी त्या शब्दाचा अर्थ विचारला. त्यांना नवीन शब्द आवडतात. मुलानं सांगितलं की एका जातीच्या, एका प्रांताच्या, एका वर्णाच्या सगळ्या माणसांना एकाच साच्यात घालायचं, सगळे काळे, सगळे लुंगीवाले, सगळे येडे, आणि मग त्यावर हसायचं. नायनांनी घास चावून संपवला आणि म्हणाले, साचा असल्याशिवाय चादर निघत नाही. मुलगा म्हणाला, माणसं म्हणजे चादरी नाहीत. मग दोघांची चांगलीच जुंपली. मुलगा मोबाइलवर काय काय दाखवत होता, परदेशात कुठल्या नटानं तोंड काळं केल्याबद्दल माफी मागितली वगैरे. नायनांचं म्हणणं, तो नट दुसऱ्याची टिंगल करत होता. मी तेलुगूच आहे. मी माझीच नक्कल करतो, त्यात कुणाचं काय जातं?

"तुम्ही तुमची कुठं करता?" मुलगा म्हणाला. "तुम्ही असं बोलता का?"

अम्मा आत भाकरी आणायला गेली आणि बराच वेळ तिकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं. सांगायला नको होतं. आमच्या स्टाफरूममध्ये कुठल्याही विषयावर सगळ्यांना मत असतं आणि ऑफ तासही असतात. इतिहासाचे सर म्हणाले, हल्ली लोकांना विनोदच कळत नाही, जरा काही झालं की भावना दुखावतात. गणिताच्या बाई म्हणाल्या, टीव्हीवरच्या कॉमेडी कार्यक्रमात मालवणी, वऱ्हाडी, सगळ्यांवरच विनोद होतात, कोण रडतंय? "आणि तुमच्या लोकांना तर असं काही वाटत नाही हो, तुमची माणसं साधी असतात," असंही त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून, मायेनं. हे ऐकून माझं डोकं फिरलं. याच बाई मागच्या महिन्यात हिंदी मालिकांवर तणतणत होत्या, की त्यांच्यातली मोलकरीण नेहमी मराठीच का असते आणि ती "बाई, बाई" करत का फिरते. मी त्यांना त्याची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, ते वेगळं. ते आपल्याला खाली दाखवायला करतात. आपण प्रेमानं करतो.

हिंदीचे सर मध्ये पडले आणि म्हणाले की हसण्यानं माणसं जवळ येतात. मी विचारलं, कोण कुणाच्या जवळ येतं? घंटा झाली. मी वर्गात गेले आणि त्या तासाला सगळ्या वर्गाला शुद्धलेखन घातलं. वर्गाचा काहीच दोष नव्हता.

संध्याकाळी नायनांकडे गेले तर मुलगा आधीच तिथं होता आणि वाद कालच्याच ठिकाणावरून पुढं चालू होता. नायना म्हणत होते की एवढी वर्षं झाली, एकाही माणसाला वाईट वाटलेलं नाही, वाटलं असेल तर तो माणूस मला दाखव. मुलाला माणूस दाखवता येईना. तो हैदराबादच्या गोष्टी सांगत होता आणि नायना म्हणत होते, ते हैदराबाद, हे सोलापूर.

अम्मा खाली बसून मेथी निवडत होती. मुलगा एकदम तिच्याकडे वळला. "अम्मम्मा, तूच सांग. तुला लागतं का?"

तिला हे कुणी विचारेल असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं. तिलाही नसावं. तिनं हातातली काडी मोडून पानं वेगळी केली.

"लागतं," ती तेलुगूत म्हणाली. "पहिल्या वर्षी लागलं. मग दरवर्षी."

नायनांनी विचारलं, मग बोलली का नाहीस? त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती माहिती विचारल्यासारखा आवाज होता. ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाही. आणि त्या दिवशी तुम्ही फार खुशीत असता.

मग ती मेथी घेऊन उठली. मला रडू येत होतं, पण तिथं कुणीच रडत नसल्यामुळं मी दळणाचा डबा उचलून गिरणीत गेले.

नायना दोन दिवस तालमीला गेले नाहीत. मला वाटलं, आता अंगात बरं नाही म्हणून कळवतील. पण गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला होता, त्यावर त्यांचा मागच्या वर्षीचा काळा चेहरा आणि खाली "आपले लाडके अण्णा". शिवाय त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेले आहेत. यंदाचं काम शेवटचं, असं त्यांनीच मंडळाला सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, मी काम करणार. पण लुंगी नाही, रंग नाही आणि तो आवाज नाही. पँट-शर्ट घालून जाईन आणि नाटकातली वाक्यं आपल्या नेहमीच्या मराठीत बोलेन.

मुलगा म्हणाला, मग हसणार कोण? नायना म्हणाले, तेच बघायचंय. इतकी वर्षं लोक माझ्या कामाला हसले, का हिच्या बोलण्याला, ते एकदा मला कळू दे. कुठं थांबायचं, कुठं बघायचं, हे सगळं मी बसवलेलं आहे. काम चांगलं असेल तर हशा येईल.

हे ऐकल्यापासून अम्माचं कशात लक्ष लागेना. मला तिची धास्ती समजत होती. लोक हसले नाहीत तर त्याचा अर्थ एकच निघणार होता, की एवढी वर्षं पूर्ण कॉलनी तिलाच हसत होती. आणि तो अर्थ तिला पहिल्या रांगेत बसून, सगळ्यांच्या देखत कळणार होता. मी तिला म्हटलं, यंदा नको येऊस. ती म्हणाली, नाही गेले तर लोक विचारतील. हसले पाहिजेत, असं ती स्वतःशी पुटपुटायला लागली. देवापुढं दिवा लावताना तर मोठ्यानंच म्हणाली. नवऱ्याच्या नाटकाला हशा यावा म्हणून तिनं साकडं घातलं.

मंडळाचे अध्यक्ष घरी आले. ते मूळचे करमाळ्याकडचे, इथं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतात. नायनांनी बेत सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. "काका, तुमी म्हणाल तसं," ते म्हणाले. "पण लोकं हसली न्हाईत तर आरतीपर्यंत टाइम कसा काढायचा?" मग मुलाशी त्यांचं काही बोलणं झालं आणि भावना दुखावण्याचा मुद्दा त्यांनी फारच मनावर घेतला.

त्याचा परिणाम असा झाला की कार्यक्रमाच्या आधी ते माइकवर आले आणि त्यांनी कागदावरून वाचलं: यातील पात्रं काल्पनिक आहेत, कुठल्याही जातीच्या, धर्माच्या, भाषेच्या किंवा वर्णाच्या माणसाच्या भावना दुखावण्याचा मंडळाचा हेतू नाही. वाचून झाल्यावर त्यांनी गणपतीकडे बघून हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते म्हणाले, "आता येत आहेत आपले लाडके अण्णा," आणि पडदा सरकला.

नायना आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, राखाडी पँट, चष्मा. माझ्या लग्नात उभे होते तसे. ते नेहमीच्या जागी येऊन थांबले आणि लोक हसायला लागले.

त्यांनी अजून तोंड उघडलेलं नव्हतं. मी अम्माकडे बघितलं. तिनं सुटकेचा श्वास सोडला.

औषध दुकानदारानं दार उघडल्याचा अभिनय केला आणि कोण पाहिजे असं विचारलं. नायना म्हणाले, "नमस्कार. आपल्याकडे एक खोली भाड्यानं द्यायची आहे, असं समजलं." मोठा हशा आला. या वाक्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजूनही सापडलेलं नाही. नायना थांबले. ते हशाला थांबतात तसे थांबले, पण त्यांची मान जरा वाकडी झाली. कारखान्यात मागावरून निघालेल्या चादरीत चूक दिसली की ते तसे बघायचे.

पुढं त्यांनी जिथं थांबायचं बसवलं होतं तिथं कुणी हसलं नाही. जिथं काही नव्हतं तिथं लोक हसले. किती जण राहणार, तर "मी, पत्नी आणि एक मुलगी." हशा. काम काय करता, तर "चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढतो." हशा. मालकानं विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलाच," नायना म्हणाले. "सोलापूरचा."

यावर मागच्या रांगेतली माणसं उभी राहून हसली. कुणीतरी शिट्टी मारली. माझा मुलगा मान खाली घालून बसला होता. मला उठून माइक काढून घ्यावासा वाटला, पण मी शिक्षिका आहे आणि समोर माझे निम्मे विद्यार्थी होते.

शेवटी मालक दार लावायला निघाला. नायनांनी हात जोडले. "मालक, मी चांगला माणूस आहे. मला घर द्या." ते त्यांनी इतकं साधं म्हटलं की मला वाटलं, खरंच कुणीतरी उठून किल्ली आणून द्यावी. पण ते ऐकूच आलं नाही. समोरची सगळी पोरं जुनंच वाक्य जुन्याच हेलात, कमरेला हात पुसून, ओरडत होती. नाटकात ठरल्याप्रमाणं मालकानं खोली दिली नाही. नायना निघून गेले. सावरायला लुंगी नव्हती, म्हणून हात तसेच लोंबत राहिले.

आरतीनंतर लोकांनी त्यांना घेरलं. अध्यक्ष म्हणाले, "काका, आज तर लई भारी झालं की. मी उगाच घाबरलो." पलीकडच्या बंगल्यातले एक निवृत्त साहेब पाठ थोपटून म्हणाले, "अण्णानं शुद्ध मराठी बोलायची काय नक्कल केली, वा." नायना त्यांना थँक यू म्हणाले. तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

घरी आल्यावर ते चपला न काढताच खुर्चीत बसले. मुलानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी त्याचा दंड दाबला. हशा आला होता. भरपूर आला होता. पण तो ना त्यांच्या कामाला होता, ना तिच्या बोलण्याला, हे त्यांना स्टेजवरच कळलं होतं. नट माणूस, त्यांना आमच्यापेक्षा आधी कळलं.

"मी आज एकही शब्द वाकडा बोललो नाही," ते म्हणाले. कुणालाच नाही, समोरच्या भिंतीला.

अम्मानं पाण्याचा तांब्या आणून त्यांच्या हातात दिला. तिला त्यांच्याशी मराठीत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बोलली.

"मी पण रोज नीटच बोलते की," ती म्हणाली.